गडावरचे गाव नव्हे, गाव हाच गड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या युरोप सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात येऊ लागल्या आहेत. पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या जोडीला त्यांत आता ‘फ्रान्समधील मध्ययुगीन गाव’ असाही एक थांबा दिसतो. हा थांबा तास-दीड तासाचा असतो. बस पायथ्याशी उभी राहते, मंडळी धापा टाकत वर जातात, फोटो काढतात आणि धावत खाली येतात. एवढ्या लांब जाऊन गाव असे पाहायचे, याचे वाईट वाटते. तट, बुरूज, देवडी, टाके, जंग्या (तटातून मारा करायच्या फटी) हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत त्या पुणेकराला अशा गावात इतर कोणत्याही प्रवाशापेक्षा जास्त दिसू शकते. स्वतःहून जाऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा आणि सहली काढणाऱ्यांनीही वाचावे, म्हणून हे लांबलचक पत्र.

फ्रान्सच्या दक्षिणेतले कॉर्द-सुर-सिएल हे गाव समोर ठेवून सांगतो. तुलूझचा काउंट सातवा रेमों याने ते १२२२ मध्ये वसवले. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार या ख्रिस्ती पंथीयांविरुद्धच्या धर्मयुद्धात हा मुलूख उजाड झाला होता. रेमोंने टेकडी हेरली, तट घालायला घेतला आणि राहायला येणाऱ्यांना सनद देऊन कर-जकातीत सवलती दिल्या. आपल्याकडे पेठ वसवताना कौल देत असत, त्याच जातीचा हा व्यवहार. १२२९ च्या तहाने युद्ध संपले आणि तटाच्या आडोशाला कापड, कातडे यांचा व्यापार फोफावला. गाव तटात मावेना, बाहेर सांडले. मग त्या बाहेरच्या वस्तीला नवा तट पडला, पुढे त्याच्याही बाहेर आणखी एक.

म्हणून वर पोचल्यावर ‘किल्ला कुठे आहे?’ असे विचारू नये. आपल्याला सवय आहे ती माची ओलांडून बालेकिल्ल्यावर जायची, तिथे राजवाड्याची जोती, सदर, कोठार शोधायची. कॉर्दच्या माथ्यावर किल्लेदाराचा वाडा नाही. तिथे बाजाराची मंडई आहे, चर्च आहे आणि श्रीमंत व्यापाऱ्यांची घरे आहेत. संरक्षण करायचे होते ते बाजाराचे आणि माणसांचे. ही एक गोष्ट मनात पक्की असली की बाकीचे सगळे आपोआप उलगडते.

चढण अवघड नाही. पर्वती न थांबता चढणाऱ्याला ती सहज जमेल, मात्र इथे पायऱ्या कमी आणि दगडी फरसबंदीचा तिरका चढ जास्त. हंगामात खालच्या वस्तीतून वर छोटी पर्यटक गाडी जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी वर जाताना ती घ्यावी. उतरतानाही घ्यावीच, कारण या फरसबंदीवर चढण्यापेक्षा उतरणेच गुडघ्यांना जड जाते. ज्यांना चालता येते त्यांनी पूर्वेकडून चढून पश्चिमेकडून उतरावे, म्हणजे दोन्ही अंगांच्या वेशी पाहून होतात. पूर्वेला आधी घड्याळाची वेस, मग पोर्त द्यु व्हँकर आणि सर्वांत आत पोर्ताय पँ. पश्चिमेला आत पोर्त दे-झोर्मो, तिच्याबाहेर पोर्त द ला जान. आतली वेस जुनी, बाहेरची नंतरची. चढत जाताना आपण काळात मागे मागे जात असतो. पन्हाळ्याचा तीन दरवाजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना एका दरवाज्यामागे दुसरा कशासाठी हे सांगायला नको.

वेशीच्या कमानीखाली मात्र पाच मिनिटे थांबावे आणि भिंत हाताने चाचपावी. अशा वेशींत आतल्या बाजूच्या दगडात समोरासमोर दोन उभ्या खाचा असतात. चार बोटे जेमतेम शिरतील एवढ्या रुंद, वरपासून खालपर्यंत सरळ. फळ्यांची किंवा लोखंडी गजांची जड जाळी या खाचांतून वरून खाली सोडत. ती वर ओढायचा रहाट कमानीवरच्या खोलीत असे. मान वर केली तर छतात कधी कधी लांबट फट दिसते. जाळीपाशी अडकलेल्या शत्रूवर तिथून दगडांचा मारा होई. आपल्या स्थपतींनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा वळवून लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, आणि दिसला तरी हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही. फ्रेंच वेस दोन बुरुजांच्या मधोमध सरळ समोर तोंड करून उभी असते. तिचा भरवसा त्या जाळीवर आणि वरून होणाऱ्या माऱ्यावर. दोन्ही पद्धती माहीत असलेला माणूस अशा वेशीखाली उभा राहिला की दगड त्याच्याशी बोलू लागतात.

आणखी एक ठिकाण जिथे हमखास चूक होते. तटावर आणि घरांच्या भिंतींवर विटेएवढी चौकोनी भोके ओळीने दिसतात. ‘या जंग्या’ असे सांगून पुढे जाणारे पुष्कळ भेटतात. त्या जंग्या नव्हेत. भिंत बांधताना परांचीचे (गवंड्याने उभे राहायच्या मचाणाचे) वासे रोवायला ठेवलेल्या त्या जागा आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. ही भोके एका रेषेत, ठरावीक अंतरावर असतात आणि अशी एक ओळ संपून साधारण माणसाच्या उंचीवर दुसरी सुरू होते, कारण गवंडी तेवढेच बांधकाम एका परांचीवरून करू शकतो. बाण मारायची फट बाहेरून बोटभर रुंद, उभी आणि लांब असते, आत जाऊन पाहिले तर ती फाकत जाते, धनुर्धाऱ्याला डावी-उजवीकडे नेम धरता यावा म्हणून. त्या फटीच्या तळाशी गोल भोक असेल तर ते बहुधा बंदुका-तोफा आल्यानंतरचे.

माथ्यावरची मंडई २४ अष्टकोनी दगडी खांबांवर उभी आहे. तिच्या कडेलाच विहीर आहे, सुमारे ११३ मीटर खोल. आता तिच्यावर जाळी आहे, तरी वाकून खाली पाहावे. तीन धर्माधिकाऱ्यांना या विहिरीत टाकल्याची गोष्ट गावात सांगतात, ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. महत्त्वाची आहे ती खोली. आपल्या बेसाल्टच्या कातळात टाके खोदले की पावसाचे पाणी वर्षभर टिकते, म्हणून राजगडावर, सिंहगडावर माथ्यालाच पाणी. कॉर्दची टेकडी चुनखडीची. चुनखडीच्या भेगांतून पाणी खाली निघून जाते, ते गाठायला टेकडीच्या बुडापर्यंत जावे लागले. इतक्या खोलातून रोजच्या वापराचे पाणी शेंदणे परवडणारे नव्हते. ही विहीर वेढ्याच्या दिवसांसाठी.

मंडईपासून निघणाऱ्या मुख्य रस्त्यावर गुलाबी-करड्या वालुकाश्माची तीन-चार मजली घरे आहेत. त्यांतल्या ‘ग्रां व्हनर’ या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहावे. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांमधून शिकारीची शिल्पे आहेत. घोडेस्वार, ससा, रानडुक्कर. ‘राजाचा मुख्य शिकारी’ असे घराचे नाव या शिल्पांवरून फार नंतर पडले. राहत होता तो व्यापारी. शेजारच्या ‘ग्रां फोकोनिए’चेही तसेच. तिथे आता आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. गावाला पुढे उतरती कळा लागली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावरच्या भरतकामाने काही काळ हात दिला, नंतर चित्रकार आले. नावातला ‘सुर-सिएल’ म्हणजे ‘आकाशावरचे’ हा तुकडा तर १९९३ मध्ये जोडला गेला.

हे नाव धुक्यामुळे पडले. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा सेरू नदीच्या दरीत उतरून साचते आणि पहाटे दरी धुक्याने भरते. गाव वर तरंगते. पावसाळ्याच्या शेवटी राजगडावरून जे दिसते तेच, फक्त इथे शरद आणि हिवाळ्यात. छायाचित्रांत दिसते ते दृश्य गावात राहून मिळत नाही. त्यासाठी सूर्योदयापूर्वी समोरच्या टेकडीवर जावे लागते. गावाच्या कठड्यावरून खाली पसरलेला धुक्याचा समुद्र तेवढा दिसतो, तोही दहा-साडेदहापर्यंत विरतो. दिवसाच्या बसने येणाऱ्याच्या नशिबी तो नाही. मुक्काम हवा म्हणतो तो यासाठी. आणि संध्याकाळसाठीही. सहानंतर बसगाड्या निघून जातात, दुकानांच्या फळ्या लागतात आणि हजाराच्या आतली वस्ती असलेले हे गाव पुन्हा तिथल्या माणसांचे होते. सहानंतरच्या दोन तासांत गाव जेवढे समजते तेवढे भर दुपारच्या गर्दीत दिवसभर फिरूनही समजत नाही.

कधी जावे? मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर उत्तम. मे महिन्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. परंतु १ मे, ८ मे आणि त्याच सुमारास येणारा असेन्शनचा (येशूच्या स्वर्गारोहणाचा) गुरुवार या सुट्ट्यांना जोडून फ्रेंच लोक स्वतःच बाहेर पडतात. तेव्हाच्या खोल्या आधीच घ्याव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, गर्दी दाट. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना धुके मिळेल, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात आणि पावणेसहालाच अंधारते. नोव्हेंबरपासून निम्मी खानावळी आणि दुकाने बंद असतात. सोमवार हा एरवीही बंदचा दिवस, तो टाळावा. शनिवारी सकाळी खालच्या वस्तीत आठवडी बाजार भरतो. शुक्रवारचा मुक्काम धरला तर तोही साधतो.

पोचण्याचा मार्ग असा. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून वेगवान गाडीने तुलूझ साधारण साडेचार तास. मुंबईहून उतरलेल्या दिवशीच पुढे कॉर्द गाठायचा हट्ट धरू नये. तुलूझला रात्र काढावी. तुलूझहून कॉर्द-व्हँद्राक हे स्थानक तासाभराचे, पण दिवसात गाड्या मोजक्या, रविवारी त्याहून कमी. स्थानक गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे आणि बाहेर रिक्षा-टॅक्सी उभी नसते. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते. मुक्कामाच्या घरमालकाला सांगितले तर तो ते करून देतो. वेळापत्रकात गाडीच्या जागी बसचे चिन्ह असेल तर नीट पाहावे. अशी बस स्थानकाबाहेरच्या आवारातून सुटते, आणि फलाटावर वाट पाहत बसलेल्यांची ती हमखास चुकते. संप असेल तर कोणत्या गाड्या धावणार याची यादी आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास येते. आल्बी शहराहून कॉर्द सुमारे २५ किलोमीटर. तिथले विटांचे प्रचंड कॅथेड्रल पाहून मग इकडे येणे हा चांगला क्रम.

भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गिअरची गाडी नको असेल तर आधीच तसे सांगून ठरवावे. खेड्यातल्या चौकात खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तो गल्लीतून का येईना. आणि मोबाइलवरचा नकाशा थेट मुक्कामाच्या दारापर्यंत नेऊ पाहतो, त्याचे ऐकू नये. ‘सोफ रिव्हराँ’ म्हणजे ‘रहिवाशांखेरीज प्रवेश बंद’. ती पाटी दिसली की तिथेच थांबावे. पुढची गल्ली वेशीपाशी गाडीच्या आरशांएवढीच रुंद होते, वळायला जागा नसते आणि चढावर उलटे यावे लागते. खालच्या वाहनतळावर गाडी लावून, एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत घेऊन चालत जावे. चाकांची बॅग दगडांवर ओढली की चाक निघते, आणि रात्री दहानंतर तिचा आवाज अख्ख्या गल्लीला उठवतो. छोट्या गावातले पेट्रोलपंप कित्येकदा माणसाविना चालतात. तिथे पिन असलेले कार्डच चालते आणि यंत्र आधी मोठी रक्कम अडकवून ठेवते, ती सुटायला काही दिवस लागतात. प्रवासी कार्डात तेवढी शिल्लक ठेवावी.

मुक्कामाला ‘शांब्र दोत’ घ्यावे. घरातली खोली, सकाळची न्याहारी धरून. ‘जित’ म्हणजे स्वयंपाकघरासह पूर्ण घर. ते उन्हाळ्यात बहुधा शनिवार ते शनिवार आठवड्यानेच देतात, चादरी आणि शेवटची साफसफाई याचे पैसे वेगळे. किती वाजता पोचणार हे घरमालकाला कळवावे. तिथे चोवीस तास बसलेला मॅनेजर नसतो. व्हिसाच्या कागदपत्रांत नुसता ‘खोली ठेवली आहे’ असा ई-मेल पुरत नाही. पूर्ण पत्ता, तारखा आणि सर्व प्रवाशांची नावे असलेले पत्र आधीच मागून घ्यावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि १५ दिवसांहून उशिरा करू नये. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

शाकाहारी मंडळींची खरी अडचण या भागात आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हा बदकाचा मुलूख. साध्या परतलेल्या बटाट्यांतही बदकाची चरबी असते, सूप मांसाच्या पाण्यावर केलेले असते, गरम बकरीच्या चीजच्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे पेरलेले असतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे आणून ठेवतात. ‘सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों’ म्हणजे मांस, मासे आणि ते तुकडे नकोत, असे तिन्ही शब्द उच्चारावेत, आणि तेही खोली ठरवतानाच कळवावे. आयत्या वेळी स्वयंपाकी काही करू शकत नाही. बटाटा आणि चीज घोटून केलेले आलिगो मिळाले तर पोटभर होते. कॉर्दची ‘क्रोकाँ’ ही बदामाची कुरकुरीत बिस्किटे प्रसिद्ध आहेत, पण त्यांत अंड्याचा पांढरा बलक असतो. जेवण दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी साडेसातनंतर. अडीचला पोचलेल्याला काहीच मिळत नाही. ‘युन काराफ दो’ म्हटले की नळाचे पाणी फुकट येते. आणि दुकानात पाऊल टाकताच, काही विचारण्याआधी, ‘बोंजूर’ म्हणावे. ते न म्हणणे तिथे खरोखर उद्धटपणाचे समजतात.

एवढ्या दक्षिणेला जाणे जमत नसेल तर ल्योंजवळचे पेरूज घ्यावे. ल्योंच्या पार-दिए स्थानकावरून मेक्सिमिए-पेरूज अर्ध्या तासाचे, पुढे वीसेक मिनिटांची चढण. इथे बाहेरच्या घरांच्या पाठी हाच तट, आणि आतून गोल फिरणारी गल्ली. चौकातले लिंडेनचे झाड १७९२ मध्ये लावलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली घरे पाडली जात होती. १९११ मध्ये समिती स्थापून गाव वाचवले गेले. रस्ते नदीतल्या गोल गोट्यांचे, तेही उभे रोवलेले, म्हणजे पायाखाली अंड्यांची पाठ. जाड तळव्याचे, घोट्याला धरणारे बूट हवेत. साडीवर सपाट चपला घालून इथे चालणे धोक्याचे आहे, पाऊस पडलेला असेल तर फारच.

कार्कासोन या तटबंद शहराबद्दल थोडेच सांगतो, कारण सहलींत ते असतेच. ते भव्य आहे, १९९७ पासून जागतिक वारसा आहे. पण तिथे दिसणाऱ्या तटाचा आणि टोकदार छपरांचा बराच भाग १८५३ नंतर व्हियोले-ल-द्यूक या वास्तुतज्ज्ञाने केलेल्या जीर्णोद्धाराचा आहे, हे ठाऊक असू द्यावे. आपल्या गडांवर नवे चिरे बसवताना आज जे वाद होतात ते तिथे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेले.

हे सगळे लिहिताना डोळ्यांसमोर पन्हाळा येतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी तो एक, आणि तटाच्या आत नगर परिषद, शाळा, घरे, संसार असलेला. आपल्या कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. फ्रान्समध्ये १९४३ च्या कायद्याने स्मारकाभोवतीच्या ५०० मीटरांत काय बदलायचे ते सरकारी वास्तुतज्ज्ञाला विचारावे लागते. क्षेत्र मोठे, पण घर दुरुस्त करायला सरसकट मनाई नाही. खिडकीची चौकट कशाची, छपराला कौल कोणते, हे ठरवून दिले जाते आणि माणूस त्याच घरात राहतो. पन्हाळगडावर राहणाऱ्यांना घराची भिंत सारवावी तरी धाकधूक वाटू नये यासाठी ही पद्धत आपल्या अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी बारकाईने पाहायला हवी. कॉर्दला जाणाऱ्या पुणेकरानेही खिडक्यांच्या चौकटी पाहाव्यात, फोटो जरूर काढावेत, पण आत बसलेल्या माणसांचे नव्हे.

सहल कंपन्यांना विनंती एवढीच की जाहिरातीत गावाच्या नावापुढे तिथे किती तास थांबणार, बस कुठे सोडणार, वरपर्यंत चालावे लागणार की गाडीची सोय आहे आणि शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवलेले आहे का, हे छापावे. आणि एका तरी सहलीत पॅरिसची एक रात्र कमी करून ती कॉर्दला द्यावी.

आपला,
एक दुर्गप्रेमी वाचक
कोथरूड, पुणे ३८